तोट्याची ऐपत

नागपूरहून अमरावतीकडे निघालेला प्रवासी कोंढाळीचा रानपट्टा ओलांडून वर्धा जिल्ह्यात शिरला म्हणजे महामार्गालगत त्याला कारंजा हे तालुक्याचे गाव लागते. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्याचा उल्लेख कारंजा (घाडगे) असा करण्याची वहिवाट आहे. जिल्ह्याच्या या उत्तरेकडील अंगाची, म्हणजे आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांची जमीन हिंगणघाटकडच्या खोल काळ्या कापूसजमिनीसारखी एकजिनसी नाही. टेकड्यांच्या उतरणीने ती कोठे मध्यम, कोठे बरड, तर कोठे निव्वळ मुरमाड अशी होत जाते, आणि याच भूमीत गवळाऊ जातीची जनावरे व नागपुरी संत्रा यांनी ठाण मांडलेले आहे. आर्थिक साहसाविषयी लिहिणारे बहुधा शेअरबाजाराकडे किंवा परदेशी कारखानदारांच्या चरित्रांकडे वळतात. मला मात्र असे वाटते की, हिशेब करून जोखीम पत्करणे म्हणजे नेमके काय, हे पाहावयाचे असेल तर कारंज्याकडील संत्र्याच्या बागेइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण. कारण भांडवल, काळ, हवामान, बाजार आणि कुटुंब ही सारी अंगे तेथे एकाच सातबाऱ्यावर एकवटलेली असतात.

हे झाड मूळचे इकडचे नव्हे. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते औरंगाबादेहून आणवून परसबागेत लावले, अशी परंपरा आहे. राजाच्या हौसेचे हे झाड पुढे रयतेच्या चरितार्थाचे साधन झाले आणि २०१४ साली ‘नागपूर संत्रा’ या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु राजाची हौस आणि रयतेचा चरितार्थ यांत एक मोठे अंतर आहे. सहा-सहा मीटरांवर लागवड केली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात. खड्डे, कलमे, खत, कुंपण, विहीर, ठिबक असा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. आणि हिशेबात धरण्याजोगे फळ मात्र पाचव्या-सहाव्या वर्षाशिवाय दिसत नाही. तेवढा काळ घर चालावे म्हणून ओळींच्या मधल्या जागेत सोयाबीन अथवा एखादे कडधान्य घेतले जाते. हे आंतरपीक म्हणजे केवळ मोकळ्या जागेचा उपयोग, असे शहरी माणसास वाटेल. वस्तुतः दूरच्या आशेचा खर्च जवळच्या पिकातून भागविण्याची ती व्यवस्था आहे, आणि ज्याने ती केली नाही त्याला तिसऱ्या वर्षीच सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो.

या व्यवहारात सर्वांत मोठी बाजी लागते ती सर्वांत आधी, आणि तीही सर्वांत स्वस्त वस्तूवर, म्हणजे कलमावर. वरूड आणि शेंदुरजना घाट या भागांतील रोपवाटिकांतून येणारे कलम वरून सारखेच हिरवे दिसते. त्याचा डोळा कोणत्या मातृवृक्षाचा आहे, खुंट जंभेरीचा आहे की रंगपूर लाइमचा, आणि त्याच्या मुळांबरोबर मूळकूज व डिंक्या आणणारी फायटोप्थोरा बुरशी आपल्या शेतात येत आहे की काय, यांपैकी काहीही डोळ्यांनी कळत नाही. ते कळते पाच वर्षांनी, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. तीच गोष्ट जमिनीची. मीटर-दीड मीटर खोल खड्डा घेऊन खाली मुरूम लागतो की चोपण, पाण्याचा निचरा होतो की नाही, चुनखडी किती आहे, हे पाहण्यास एक दिवस आणि माती-परीक्षणाची किरकोळ फी पुरते. नागपुरात लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाचे केंद्र १९८५ पासून उभे आहे आणि तेथील सल्लाही दुर्लभ नाही. तरीही कलमामागे पाच-दहा रुपये वाचविण्यासाठी घासाघीस करणारा आणि खड्डा न घेताच लागवड उरकणारा गृहस्थ प्रत्येक गावात आढळतो. चौकशी किती करावी याचे प्रमाण रकमेवरून ठरवू नये, निर्णय किती काळ फिरविता येणार नाही यावरून ठरवावे, हा अगदी साधा नियम आहे. सोयाबीनचे वाण चुकले तर चार महिने गेले. कलम चुकले तर तरुणपणाचा एक तुकडाच गेला.

बाग फळावर आली म्हणजे दरसाल नवा डाव मांडावा लागतो. संत्र्याचे मुख्य बहार दोन : जानेवारी-फेब्रुवारीत फुलून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास तोडणीस येणारा आंबिया, आणि जून-जुलैत फुलून फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत हाती येणारा मृग. दोन्ही बहार एकाच झाडावर घेण्याचा लोभ झाडाला लवकर थकवितो, म्हणून निवड करणे भाग पडते. आणि निवडलेला बहार जोमाने फुटावा यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाने मलूल होऊन गळू लागेपर्यंत त्याचे पाणी जाणूनबुजून तोडावे लागते. हलक्या जमिनीत हा ताण थोड्या दिवसांत पुरतो, भारी जमिनीत अधिक दिवस लागतात. तो अपुरा पडला तर फुलाऐवजी नुसती पालवी येते. अधिक झाला तर फांद्या वाळून सल पडते. याशिवाय आंबियाची फळे वाढवावयाची तर सारा उन्हाळाभर ओलीत हवे, आणि मृगाचे ओलीत कमी असले तरी तो सर्वस्वी आभाळाच्या हाती : मे महिन्यात वळवाची सर येऊन ताण मोडला, अथवा मृग नक्षत्र कोरडे गेले, तर बहार हुकला. ज्याच्या विहिरीला वैशाखात पाणी टिकते त्याने आंबिया धरणे हा सुज्ञपणा ठरेल. तोच आंबिया शेजाऱ्याने, विहिरीचा तळ दिसत असताना, पहिल्याचे पाहून धरला तर त्याला अविचारच म्हणावे लागेल. पीक तेच, भाव तोच, गाव तेच; परंतु जोखीम ती नव्हे.

ही गोष्ट गणिताच्या भाषेत प्रथम स्पष्टपणे मांडली ती डॅनिएल बर्नुली याने, १७३८ साली. संभाव्यतेच्या गणिताला पास्काल आणि फेर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारापासून आरंभ झाला होता आणि प्रत्येक डावातील लाभाला त्याच्या संभाव्यतेने गुणून सरासरी काढावी, एवढे सर्वमान्य झाले होते. बर्नुलीने विचारले की, सरासरी सर्वांना सारखीच असेल, पण पैशाचे मोल सर्वांना सारखे असते काय? त्याने उदाहरण घेतले ते पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचे. त्याचा १०,००० रुबलांचा माल ॲम्स्टरडॅमहून जहाजाने यावयाचा आहे, त्या हंगामात शंभरांपैकी पाच जहाजे बुडतात, आणि विमा उतरविणारा ८०० रुबल मागतो. सरासरीने पाहता नुकसान ५०० रुबलांचे, म्हणून ८०० देणे हा मूर्खपणा दिसतो. परंतु बर्नुलीचा हिशेब असा निघाला की, या मालाव्यतिरिक्त त्या व्यापाऱ्याच्या पदरी निदान ५,०४३ रुबल असतील तरच त्याने विमा नाकारावा. त्याहून कमी असतील तर हे महागडे ८०० रुबल देणेच शहाणपणाचे. उलट, तो विमा उतरविणाऱ्याची मिळकतही निदान १४,२४३ रुबलांची असली पाहिजे, नाही तर ८०० रुबलांच्या मोहाने त्याने हा धोका शिरावर घेऊ नये. जोखीम चांगली की वाईट, हा प्रश्न ती कोणाची हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो, हे या दोन आकड्यांनी दाखवून दिले. त्याच निबंधात आणखी एक उदाहरण आहे : घरी ४,००० डुकाट आणि परदेशी ८,००० डुकाटांचा माल असलेल्या माणसाने, दहांतून एक जहाज बुडत असता, सारा माल एका जहाजात भरला तर त्या आशेचे मोल ६,७५१ डुकाट, आणि दोन जहाजांत विभागला तर ७,०३३. मालात एका डुकाटाचीही भर न घालता केवळ विभागणीने मोल वाढले. कारंज्याचा शेतकरी थोडा कापूस, थोडी तूर, थोडा संत्रा आणि गोठ्यात दोन गायी ठेवतो, त्याने बर्नुली वाचलेला नसतो एवढेच.

सरासरीचा फसवेपणा आणखी एका बाजूने पाहण्याजोगा आहे. समजा, एका धंद्यात एखादे वर्ष चांगले गेले तर भांडवल दीडपट होते, वाईट गेले तर त्यातील ४० टक्के बुडते, आणि दोन्हींची शक्यता समसमान आहे. सरासरी काढली तर दरसाल ५ टक्के नफा. कोणीही हर्षाने उडी घ्यावी. पण एका चांगल्या आणि एका वाईट वर्षातून प्रत्यक्ष गेलेल्या माणसाचे काय होते? शंभराचे दीडशे होतात आणि दीडशेचे नव्वद. क्रम उलटा केला तरी नव्वदच. म्हणजे सरासरी वाढत असता माणूस मात्र खंगत जातो. कारण सरासरी ही अनेकांची मिळून असते, आयुष्य एकट्याचे असून वर्षे त्याला एकामागून एक काढावयाची असतात. सारे भांडवल दरवर्षी त्याच डावावर न लावता त्यातील काही अंश बाजूला ठेवला तर मात्र तोच धंदा हळूहळू लाभाचा ठरू शकतो. यशस्वी माणसाच्या मुलाखतीत त्याने ‘सर्वस्व पणाला लावले’ असे मोठ्या अभिमानाने छापलेले असते. तसेच सर्वस्व लावून बुडालेल्या लोकांची मुलाखत घेण्यास कोणी जात नाही, आणि त्यामुळे वाचकांच्या मनात साहसाची जी प्रतिमा बनते ती बरीचशी खोटी असते.

वर्धा जिल्ह्याला तर हा धडा त्याच्या जन्माबरोबरच मिळालेला आहे. हा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला गेला तो १८६२ साली, आणि त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद होऊन हिंगणघाटच्या कापसाला अपूर्व मागणी आलेली होती. मुंबईत त्याच तेजीच्या पैशावर प्रेमचंद रायचंदांसारख्यांच्या पुढाकाराने बॅकबे भराव कंपनीच्या शेअरांचा सट्टा रंगला. १८६५ च्या वसंतात युद्ध थांबल्याची वार्ता आली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबईतील मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे निघाले. तेजीत कापूस पेरणे हा काही गुन्हा नव्हता. ज्यांनी विकून आलेला पैसा विहिरीत किंवा जनावरांत घातला ते तरले. जे चढत्या भावाच्या तारणावर कर्ज काढून आणखी भाव चढण्याची वाट पाहत बसले ते बुडाले. १४१ वर्षांनी, २००६ साली, केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष पॅकेज जाहीर केले त्यांत वर्ध्याचे नाव होते. त्या शोकांतिकेची कारणे अनेक आहेत आणि ती सारी शेतकऱ्याच्या हिशेबाच्या चुका मानणे अन्यायाचे होईल. तथापि कोरडवाहू जमिनीत, एकाच पिकावर, उसनवारीच्या भांडवलाने दरसाल सारी बाजी लावावी लागणे हा त्यांतील एक धागा निश्चित होता.

अंगावरील जोखीम दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याचे मार्गही जुने आहेत. संत्र्याची फळे लिंबाएवढी असतानाच बागेचा उक्ता सौदा करावा, व्यापाऱ्याने इसार द्यावा, आणि पुढची गळ, गारपीट, मंदी सारी त्याच्या नावे पडावी, ही रीत या भागात सर्वत्र आहे. शेतकऱ्याला भाव थोडा कमी मिळतो, त्याबद्दल झोप मिळते. हा सौदा तत्त्वतः रास्त आहे. मात्र येथे बर्नुलीचा १४,२४३ चा आकडा आठवावा. व्यापाऱ्याजवळ तोटा सोसण्याची ऐपत नसेल, किंवा दस्तऐवज इतका कच्चा असेल की मंदी येताच इसारावर पाणी सोडून तो तोडणीस फिरकतच नाही, तर जोखीम दुसऱ्याकडे गेलीच नव्हती; तेजी असती तर नफा त्याचा, मंदी आली तर तोटा आपला. सौदा करताना भावाची जेवढी घासाघीस होते तिच्या दशांशानेही समोरच्याच्या पतीची चौकशी होत नाही.

विम्याचा मार्ग अधिक व्यवस्थित, पण त्यातही एक पेच आहे आणि तो सोडविण्याचे श्रेय एका मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० च्या सुमारास पावसावर आधारलेल्या विम्याची कल्पना मांडली होती. ती कागदावरच राहिली. १९७२ पासून गुजरातेत एच-४ कापसासाठी जो प्रयोग झाला त्यात प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजले जाई, आणि जमा हप्त्यांच्या कितीतरी पट भरपाई द्यावी लागून तो गुंडाळला गेला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकरांनी १९७६ साली असे प्रतिपादन केले की, लाखो खातेदारांच्या बांधावर जाऊन नुकसान मोजणे अशक्य आहे आणि वैयक्तिक भरपाईची खात्री झाली तर मशागतीत कुचराई होण्याचा संभव आहे. यास्तव एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे आणि ते घटल्यास त्या क्षेत्रातील सर्व विमेदारांस सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या साऱ्या याच पायावर उभ्या राहिल्या. संत्र्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. आंबिया आणि मृग यांचे निकष वेगळे, आणि शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारणपणे विमा रकमेच्या ५ टक्के. पण ज्याने हा विमा घेतला त्याने हे समजून घेतलेले बरे की, भरपाई ठरते ती महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून. केंद्रावर पाऊस पडला आणि आपल्या शेतावर पडला नाही, तर यंत्राच्या लेखी आपले काही नुकसान झालेले नाही. हा दोष दांडेकरांना ठाऊक नव्हता असे नाही. त्यांनी दोन दोषांपैकी सोसण्याजोगा निवडला. तेव्हा विमा घ्यावा, पण तो घेतला म्हणून गाठीची पुंजी मोडू नये.

आणि काही संकटे अशी असतात की त्यांचा हप्ता कोणत्याही कंपनीला ठरविता येत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ साली मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता असा भेद केला, त्याचे उदाहरण विदर्भाने अलीकडेच पाहिले. आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयातशुल्क वाढवीत नेले, आणि २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये असलेले हे शुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले. गारपिटीच्या गेल्या तीस वर्षांच्या नोंदी पाहता येतात. ढाक्यात पुढल्या वर्षी काय ठरेल याच्या नोंदी कोणत्या दप्तरात सापडणार? अशा संकटापुढे हिशेब थांबतो आणि फक्त मोकळीक उपयोगी पडते : देणे थोडे असणे, विकण्याच्या वाटा एकाहून अधिक असणे, एक हंगाम तोट्यात गेला तरी बाग तोडावी न लागणे.

शेताबाहेरही हे सारे लागू आहे, आणि आजच्या तरुणांच्या बाबतीत तर विशेष. तालुक्याच्या गावातून पुण्याच्या पेठांत जाऊन लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारा मुलगा स्वतःला ‘सुरक्षित’ मार्गाचा वाटसरू समजतो आणि महामार्गावर गॅरेज टाकणाऱ्या वर्गमित्राला धाडसी म्हणतो. वास्तविक जागा शेकड्यांनी आणि अर्ज लाखांनी असतात, भांडवल म्हणून वयाची पाच-सहा उत्तम वर्षे लागतात, आणि ती परत विकता येत नाहीत. गॅरेजवाल्याची हत्यारे निदान अर्ध्या किमतीत तरी खपतील. परीक्षा देऊ नये असे मी म्हणत नाही. पण किती प्रयत्न करावयाचे याची मर्यादा पहिल्या प्रयत्नापूर्वी, मन शांत असता ठरवावी. अपयशानंतर ती ठरवू गेले तर, गेलेली वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक वर्ष घालविण्याचा मोह अनावर होतो.

या विवेचनात शेवटपर्यंत एक प्रश्न टाळला जातो, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : डाव टाकणारा आणि तोटा सोसणारा हे एकच असतात काय? वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला की तो भाग अतिशोषित म्हणून गणला गेला. बाग वाळत असता बोअर आणखी खोल नेणे हा प्रत्येक बागाईतदाराच्या दृष्टीने वाजवी निर्णय होता; पण त्याची किंमत शेजारच्या उथळ विहिरीच्या मालकाने भरली, ज्याला कोणी विचारले नव्हते. घरातही तेच घडते. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, कर्जाच्या दरखास्तीवर सही त्याची, बहार कोणता धरावयाचा हा हुकूम त्याचा. आणि बहार हुकला म्हणजे गहाण पडतात ते तिचे दागिने, कर्जाखाली घर बुडाले म्हणजे मजुरीला जाते ती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवून अनेक गावांत पतींकडून जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करविला. त्या मोहिमेची चर्चा आजवर स्त्रियांच्या न्याय्य हक्काच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. तिला एक व्यवहारी अंगही आहे : खात्यावर जिचे नाव आहे तिच्या सहीवाचून जमीन गहाण पडत नाही, आणि सही करण्यापूर्वी ती, या वर्षी पाणी पुरेल का आणि न पुरल्यास फेडणार कशातून, एवढे विचारल्याशिवाय राहत नाही.